गोवा कोसळलाच तर कसा कोसळेल? (नाटक लिहिणाऱ्या एका मित्राला उत्तर)

फोंडा तालुक्यातल्या एका तरुण नाटककाराने विचारलंय. जत्रेला गावातच करायचं नाटक आहे आणि विषय आहे गोव्यातला समाज कोसळण्याचा. त्यांचा आराखडा असा: एका रात्री वीज जाते ती येतच नाही, तिसऱ्या दिवशी दुकानं लुटली जातात, महिन्याभरात सरकार नावाचं काही उरत नाही, आणि शेवटच्या अंकात गावं एकमेकांवर चालून जातात. हे पटण्यासारखं आहे का? नसेल तर खरोखर कसं घडेल, आणि सुरुवात कुठल्या घटनेने करावी?

आधी माझी बाजू सांगतो. माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, आणि आता खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या, बांधांची कामं निघाली की लोक सल्ल्याला बोलावतात. त्यामुळे उत्तर पंप, पाईप आणि बांधाकडून येणार. पोलिसातला माणूस याच प्रश्नाचं वेगळं उत्तर देईल, डॉक्टर तिसरंच देईल.

तुम्ही घटना शोधताय, आणि मला वाटतं अडचण तिथेच आहे. घटनेने समाज कोसळत नाही. गोव्यात रोज काहीतरी फुटतं, जळतं, वाहून जातं. कुठे ट्रान्सफॉर्मर उडतो, कुठे कालव्याला भगदाड पडतं. तरी आपलं चालतं, कारण फोन गेला की कोणीतरी येतं. म्हणून लेखकाने विचारायचा प्रश्न असा: मोडल्यावर दुरुस्तीला यायला किती वेळ लागतोय, आणि तो वेळ वाढत चाललाय का? आधी चार तास, मग चार दिवस, मग एक हंगाम. एका टप्प्यावर लोक वाट बघणं सोडतात आणि आपापली सोय करतात. एकाने बोअर मारली, दुसऱ्याने टँकर बांधला, तिसरा मुलाकडे पुण्याला गेला. सोय झालेला माणूस सार्वजनिक नळासाठी भांडायला येत नाही. मग नळाची दुरुस्ती आणखी लांबते. कोसळणं म्हणतात ते मला या फेऱ्यात दिसतं.

एक उदाहरण तुमच्याच तालुक्यातलं. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारजवळ रस्तारुंदीकरणाच्या जागी जमीन खचली आणि ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणाऱ्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या. फोंडा आणि तिसवाडी, म्हणजे राजधानीसकट, कित्येक दिवस कोरडी. तेही ऐन पावसात, नदी दुथडी भरून वाहत असताना. लोकांना वाटतं पाईप फुटला तर जोडायचा, त्यात एवढे दिवस कसले? पण काम असं असतं. आधी पाणी तोडायचं आणि लाईन रिकामी करायची. मग खड्डा खणायचा, तो पावसाने भरत राहतो, म्हणून पंप लावून उपसत राहायचं. पुन्हा खचू नये म्हणून बाजूच्या मातीला आधार द्यायचा. तेवढ्या मापाचा पाईप जवळ असेल तर बरं, नसेल तर तो यायची वाट. वेल्डिंग पावसात, ताडपत्रीखाली. आणि जोडून झाल्यावर सरळ व्हॉल्व फिरवून पाणी सोडता येत नाही. रिकाम्या लाईनीत हवा भरलेली असते. पाणी हळूहळू चढवून हवा बाहेर काढावी लागते. घाई केली तर दाबाचा तडाखा पुढच्या एखाद्या जुन्या सांध्याला बसतो आणि तो फुटतो. म्हणून ‘दुरुस्ती पूर्ण’ अशी बातमी आल्यावरही उंचावरच्या वाड्यांना पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, आणि पहिलं येतं ते गढूळ.

त्या दिवसांत लोक संतापले, टँकरमागे धावले, ज्यांच्या परसात विहीर होती त्यांच्याकडे घागरी घेऊन गेले. पण कोणी कोणावर चालून गेलं नाही, कारण दुरुस्ती चालू आहे हे दिसत होतं. हा मुद्दा तुमच्या नाटकाला फार उपयोगी पडेल. माणसं भरपूर सोसतात, पण कोणीतरी कामाला लागलंय एवढं त्यांना दिसावं लागतं.

आता तिसऱ्या दिवसाची लूट. हे सिनेमातलं आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. लाखो माणसं अडकली, फोन बंद, लोकल बंद. तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली. आपल्याकडचंही बघा. मार्च 2020 च्या टाळेबंदीत गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली होती. बेळगावहून येणारी भाजी अडली, दुधाचे वांधे झाले. फोंड्यात काय, सासष्टीत काय, घरात चार दिवसांचा तांदूळ नसलेली माणसं होती. दुकानं फुटली का? नाही. आरडाओरडा झाला, पंचांचे फोन वाजत राहिले, आणि सरकारला माघार घेऊन दुकानं उघडावी लागली. पहिल्या आठवड्यात माणूस शेजाऱ्याला धरून राहतो. लूट होते, पण बहुधा उशिरा. आणि तिची सुरुवात उपाशी माणूस करत नाही. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो करतो. तांदूळ आधी मागच्या दाराने जातो, पुढचं दार फुटतं ते नंतर.

विजेचं मात्र तुम्ही बरोबर निवडलंत, फक्त कारण वेगळं द्या. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे. बहुतेक वीज बाहेरच्या केंद्रांतून घाट उतरून तारांवर येते. ती गेली की नदीवरचे पंप थांबतात. टाक्यांतलं पाणी साधारण दिवसभर पुरतं. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, पुढे डिझेल. पेट्रोलपंपावरचं डिझेल उपसायलाही वीज लागते, आणि ते डिझेलही टँकरनेच येतं. ही साखळी खरी आहे, नाटकात दाखवण्यासारखी आहे. पण सगळं ग्रीड एकदम कायमचं मरणं अवघड. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रीड कोसळलं, साठ कोटींहून जास्त लोकांच्या भागात अंधार झाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वीज परत आली. कारण यंत्रं शाबूत होती आणि ती चालवणारे जागेवर होते. कायमचा अंधार व्हायचा तर तो तुकड्यातुकड्याने होईल. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर काही बाजारात लटकवलेला नसतो, मागणी दिल्यावर यायला महिनेच्या महिने जातात. एक जळला, त्याच्या जागी दुसऱ्या ठिकाणचा आणला. मग तो जास्त भाराने तापला. मग वीज बंद ठेवायच्या पाळ्या लावल्या. मग गावाला पाळी नऊ तासांची, शहराला तीन तासांची. शेवटी पाळीचं वेळापत्रक कोण ठरवतो याला सरकारपेक्षा जास्त किंमत येते.

सप्टेंबर 2017 मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोची वीजव्यवस्था उद्ध्वस्त केली, आणि सगळ्यांपर्यंत वीज परत पोचायला जवळपास अकरा महिने लागले. तिथे एकमेकांचे गळे कापले नाहीत. लोक बेट सोडून गेले. गोव्याबद्दल मला भीती आहे ती हीच. आपल्याकडे जायला मार्ग पुष्कळ आहेत. कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाची मुलगी बंगळूरला. 2011 च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. यातले दोन लाख शहाणे, धडधाकट लोक शांतपणे निघून गेले तर बातमीही होणार नाही. फक्त बंद घरं वाढतील, आणि बंद घरं तर आजही कमी नाहीत.

याहून आधी दुसरे जातील. वेल्डर, गवंडी, टँकरचा चालक, ट्रॉलरवरचे खलाशी हे बहुतेक झारखंड, ओडिशा, कर्नाटक, उत्तर प्रदेशातले. 2020 च्या उन्हाळ्यात ते श्रमिक गाड्यांनी गावी गेले आणि ऑगस्टला मासेमारी सुरू झाली तेव्हा कित्येक ट्रॉलर माणसांअभावी जेटीवर उभे होते. तुमच्या नाटकात मडगाव किंवा करमळी स्थानकाचा एक प्रवेश हवा. बाहेरून दिसायला तो ‘परके गेले’ असा असेल, आणि टाळ्या घेणारं एखादं पात्रही ठेवा. पुढच्या अंकात पंप बिघडतो तेव्हा त्या टाळ्यांचा हिशेब लागतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते कबूल करतो. त्यातली पहिली म्हणजे महिना. जुलैत वीज गेली तर विहिरी भरलेल्या असतात, पण घाट खचतात आणि खांब पडतात. जुलै 2021 च्या पुरात दूधसागरच्या बाजूला रेल्वेगाडी दरडीमुळे रुळावरून उतरली होती. मे महिन्यात रस्ते ठीक, पण विहिरीचा तळ दिसतो. दुसरी म्हणजे जागा. केरी-सत्तरीचा माणूस आणि ताळगावच्या सातव्या मजल्यावरचा माणूस यांचं एकच संकट नाही. एकाकडे झर आहे, दुसऱ्याकडे लिफ्ट. तिसरी गोष्ट सीमेची. शेजारची राज्यं ठीक असतील तर गोवा कोसळत नाही, फार तर भिकारी होतो.

सीमा बंद झाल्यावर काय होतं याचा धडा आपल्या इतिहासात आहे आणि तो उलटा आहे. 1955 च्या सुमाराला भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बटाटे हॉलंडहून आले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. खनिजाच्या पैशावर ते परवडलं, आणि राजवट त्यानंतर सहा वर्षं टिकली. ती गेली ती डिसेंबर 1961 मध्ये सैन्य आल्यावर. म्हणजे बंदर उघडं आणि गाठीला पैसा असेल तर नाकेबंदीने समाज मरत नाही. तुमच्या लेखनात नाकेबंदी असेल तर मुरगाव बंदराचं काय झालं ते सांगावंच लागेल, नाहीतर प्रेक्षकातला एखादा जुना खलाशी उठून विचारेल.

अचानक आघात झाल्यावर समाज कसा सावरतो, त्याचंही उदाहरण जवळच आहे. 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवी पूल पडला. भर पावसात उत्तर गोवा राजधानीपासून तुटला आणि नवा पूल यायला 1992 उजाडलं. मधली वर्षं फेरीबोटींनी निभावली. फेरी चालवणारे, तिचं इंजिन उघडणारे, भरती-ओहोटी ओळखणारे लोक तेव्हा नोकरीत होते आणि धक्के शाबूत होते. जुनी सोय मोडीत काढली नव्हती म्हणून नवी पडल्यावर बुडालो नाही. आज हाच प्रश्न विहिरींना विचारा. किती विहिरी उपशात आहेत आणि कितींवर काँक्रीटची स्लॅब टाकून गाड्या उभ्या केल्यात?

पूर्णपणे कोसळलेलं नगर बघायचं असेल तर लांब जाऊ नका. जुनं गोवं बघा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते आशियातल्या मोठ्या शहरांत मोजलं जात होतं. ते जाळलं कोणी? कोणीच नाही. डचांनी समुद्रावरचा व्यापार खाल्ला, 1683 मध्ये संभाजी महाराज अगदी वेशीपर्यंत आले, पण शहर ना डचांनी घेतलं ना मराठ्यांनी. शहराला मारलं पाण्याने. दाट वस्ती, सच्छिद्र जमीन, घाण झिरपून विहिरींत, आणि पुन्हा पुन्हा साथी. 1695 मध्ये व्हाइसरॉय शेजारच्या पणेलीला राहायला गेला, 1759 मध्ये पणजीला. मोठा माणूस गेल्यावर बाकीचे कशाला थांबतील? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनहून शहर पुन्हा उभारायचे हुकूम आले, काम सुरू झालं, पण जमलं नाही. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एक वर्ष आधीच सेंट ऑगस्टिन चर्चची कमान खाली आली होती, कारण मठ बंद झाल्यावर छप्पर बघायला कोणी नव्हतं. म्हणजे पहिला अधिकारी घर बदलतो तिथपासून छप्पर पडेपर्यंत दीडशे वर्षं. त्यात सरकार रोज चालू होतं. हुकूम निघत होते, शिक्के बसत होते.

आणि हे सगळं छोट्या आकारात पाहायचं असेल तर खाजनात चला. दुर्भाट, बोरी, मडकई, तुमच्यापासून लांब नाही. समुद्राच्या पाण्याच्या पातळीला असलेली शेतं, बाहेर चिखलाचा आणि चिऱ्यांचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप. मानशीची लाकडी दारं आपली आपण चालतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकललं की उघडतात. वीज नाही, माणूस नाही. तरी बांध जगतो तो माणसाच्या नजरेवर. फुटायची सुरुवात खेकड्याच्या बिळापासून होते. बिळातून पाणी आत येतंय हे उधाणाच्या भरतीला बांधावर चालणाऱ्यालाच दिसतं. त्याने तिथल्या तिथे मूठभर चिखल दाबला तर काम संपलं. नाही दाबला तर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा जाते, आणि जाताना जास्त माती नेते. आठवड्यात तिथे खांड, म्हणजे भगदाड, पडते. मग ती भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं तेव्हाच बांधता येते. माडाचे सोट ठोकायचे, मध्ये चिखल आणि पेंढा भरायचा, बाहेरून चिरे. ती संधी हुकली की पुढचं उधाण खांड रुंद करून जातं. शेतात खारं पाणी बसलं की माती धुवायला पावसाळे जातात. तोवर तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवतात, आणि तिवरं एकदा आली की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. शेत गेलं ते गेलं.

आधी हे बघायला गावकरी नावाची गावाची सामाईक संस्था होती, पुढे जिला कोमुनिदाद म्हणायला लागले. पोर्तुगीजांनी 1526 मध्येच तिचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ती त्याहून जुनी. मुक्तीनंतर कुळ कायदे आले आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. कसणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती, त्यावर माझा वाद नाही. पण शेती परवडेनाशी झाली, मुलं नोकरीला गेली, आणि मानशीतल्या मासळीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागला. मासळी घेणाऱ्याला दारं उघडी राहिली तर फायदा, भात लावणाऱ्याला मिटली तर. भात लावणाराच उरला नाही की वाद आपोआप मिटतो. अशा ठिकाणी संघटना कागदावर असते, वार्षिक सभा होते, अध्यक्ष असतो. फक्त उधाणाच्या रात्री बांधावर कोणी नसतं.

झटपट कोसळण्याची आवृत्ती हवीच असेल तर श्रीलंका घ्या. 2021 मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली, काही महिन्यांत मागे घ्यावी लागली. एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. पेट्रोलसाठी दिवसचे दिवस रांगा. 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. नाटकवाले इथे पडदा पाडतील. मला त्यानंतरचा महिना जास्त मोलाचा वाटतो. सरकारने क्यूआर कोडवर पेट्रोलचा आठवड्याचा कोटा ठरवला, आणि हळूहळू रांगा आटोपल्या. राष्ट्राध्यक्ष गेला तरी पंपावरचा माणूस कामावर होता आणि कोड वाचत होता. सरकार पडणं वेगळं आणि समाज पडणं वेगळं, हे इतकं स्वच्छ क्वचित दिसतं.

म्हणून तुमच्या नाटकाला सुरुवातीची घटना लहान द्या. पंपगृहातला एखादा व्हॉल्व अडकतो, सुटा भाग यायचा आहे, महिना एप्रिल. मुख्य पात्र मंत्री नको, पंप ऑपरेटर करा. पहिल्या अंकात त्याला दिवसाला वीस फोन येतात. दुसऱ्या अंकात फोन कमी होतात आणि त्याला बरं वाटतं. प्रेक्षकाला मात्र कळतं की लोकांनी विचारणंच सोडलंय.

शेवटच्या अंकातली गावागावांची मारामारी पूर्ण काढू नका. माणसं एकमेकांवर उठतात, ते आपण डिसेंबर 1986 मध्ये कोकणी की मराठी या राजभाषेच्या आंदोलनात पाहिलं आहे. तेव्हा झाडं आडवी टाकून रस्ते बंद केले होते आणि माणसं मेली. आपण मराठीवाले तेव्हा कुठे उभे होतो हे तुमच्या गावातल्या ज्येष्ठांना विचारा, प्रत्येक जण वेगळं सांगेल. पण तुमच्या नाटकात भाषा-धर्म घालायची गरज नाही. भांडण बंधाऱ्याच्या फळ्यांवरून लावा. नदीवरच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर फळ्या बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी त्या काढतात. वरच्या गावाला फळ्या हव्यात, खालच्याला नकोत, आणि ठरवणारा अधिकारी बदलीवर गेलेला. मे महिन्यात एका रात्री कोणीतरी चार फळ्या काढतं. ते साठलेलं पाणी पावसापर्यंत पुन्हा मिळत नाही, फळ्या दुसऱ्या दिवशी परत बसवल्या तरी. ही गोष्ट प्रेक्षकाला आधीच्या अंकात सांगून ठेवा, म्हणजे रंगमंचावर पहिली फळी निघते तेव्हा समजावायला कोणी लागणार नाही.